नगरविकास मंत्री साहेब, विसार द्यायच्या आधी एक कागद मिळेल का?

मा. नगरविकास मंत्री साहेब, महाराष्ट्र राज्य, यांना सप्रेम नमस्कार.

साहेब, मी सोलापूरचा, पूर्वभागातला. सुताची दलाली करतो, म्हणजे करत होतो म्हणा, आता महिन्यातले पंधरा दिवस नुसता बसूनच असतो. आजोबा जुन्या गिरणीत होते, 1877 ला सुरू झालेली ती गिरणी साठच्या दशकात बंद पडली. वडिलांनी लक्ष्मी-विष्णू गिरणीत नोकरी केली, ती पण बंद झाली आणि मी यंत्रमागवाल्यांना सूत पुरवत आलो तर आता मागच भंगारात चाललेत, किलोवर. म्हणजे आमच्या घराण्याला बंद पडायची सवय आहे असं समजा. म्हणून मेव्हण्याने जेव्हा सांगितलं की दाजी, एक बंद टॉवेल कारखाना विकायला निघालाय, घेऊन टाकू, पाडून फ्लॅट काढू, तेव्हा मी म्हटलं चला, आपण पण एकदा बंद पडलेल्या गोष्टीतून काहीतरी कमवून बघू.

जागा अक्कलकोट रोडच्या बाजूला पण एमआयडीसीच्या बाहेर. हे मुद्दाम सांगतोय कारण निम्मे लोक इथंच फसतात, एमआयडीसीतला प्लॉट म्हणजे 95 वर्षांच्या भाडेपट्ट्यावरची जमीन, मालक एमआयडीसी, ट्रान्सफरला त्यांची मंजुरी आणि त्यांची फी, आणि तुमच्या खात्याची बांधकामाची ती एकत्रित नियमावली, डिसेंबर 2020 ची, ती तिथं लागूच होत नाही. आमची जागा तशी नाही, मालकी हक्काची. पाऊण एकर, मागे पत्र्याचं शेड, पुढे दोन मजली आरसीसी, खाली माग आणि वर गोडाऊन, कोपऱ्यात रंगाईचा हौद. चार वर्षं कुलूप. आत गेलो तर मागाखालच्या फरशीवर तेलाचे काळे चौकोन तेवढे राहिलेले, माग कधीच गेलेले.

आता तुम्ही म्हणाल की बघून घ्यायचं ना. घेतलं साहेब. वकिलाकडून 30 वर्षांचा सर्च, म्हणजे जुन्या व्यवहारांच्या नोंदींचा शोध, काढला, क्लिअर. प्रॉपर्टी कार्ड काढलं, मालकाचंच नाव. झोन दाखला आणि भाग नकाशा काढला, इंडस्ट्रियल झोन निघाला, पण आर्किटेक्ट म्हणाला काळजी नाही, नियमावलीत इंडस्ट्रियलचं रेसिडेन्शियल करता येतं, परवानगी घ्यावी लागेल. मेव्हण्याने मुहूर्त काढला आणि विसार, म्हणजे सौद्याचा बयाणा, दिला. किती दिला ते इथं लिहीत नाही, बायकोला अजून पूर्ण आकडा माहीत नाहीये.

मग एकेक निघायला लागलं.

पहिलं लाईटचं. प्रॉपर्टी कार्डावर एक नाव पण भिंतीवर मीटर तीन, तीन वेगवेगळ्या नावांचे. पूर्वभागात हे काय नवीन नाही, एका छताखाली तीन-तीन कारखाने दाखवायचे म्हणजे प्रत्येकात कामगार दहाच्या आत, ग्रॅच्युईटीसारखा कामगार कायदा लागू होत नाही, सगळ्यांना माहीत असतं. त्यातल्या एका मीटरवर थकबाकी. मालक म्हणतो ते माझं नाही, भाच्याचं होतं. भाचा हैदराबादला. आणि मे 2023 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगून ठेवलंय की नियमात तशी तरतूद असेल तर जुन्या मालकाची वीजबाकी भरल्याशिवाय त्या जागेला नवीन कनेक्शन द्यायला वीज कंपनी नाही म्हणू शकते, म्हणजे भाचा हैदराबादला आणि बिल माझ्याकडे.

दुसरं त्याहून भारी. जमीन कमाल धारणा कायदा, 1976 चा, शहरात कुणी मोकळी जमीन किती ठेवायची याला मर्यादा घालणारा. मला वाटलं तो मेला. 2007 ला आपल्या राज्याने रद्द केला की. पण नाही साहेब, कलम 20 खाली ज्यांना कारखान्यासाठी म्हणून जमिनीला सूट दिली होती ती सूट आणि तिच्या अटी अजून जिवंत आहेत, आणि आमच्या पाऊण एकराला 1984 साली अशीच सूट मिळाली होती असं आता कळलं. 30 वर्षांच्या सर्चमध्ये 1984 कसं दिसणार? आणि तो आदेश काही खरेदीखत नाही की तो नोंदणी ऑफिसच्या इंडेक्स टूमध्ये सापडेल. तो एका ऑफिसातल्या एका कपाटातल्या एका फाईलीत होता आणि तिथल्या भाऊसाहेबांना सोडून जगात कुणालाच माहीत नव्हता. सरकारने 2019 ला एकरकमी प्रीमियम भरून मोकळं व्हायची वाट काढलीय हे मला मान्य, चांगलंच केलं, पण तो प्रीमियम रेडी रेकनरच्या, म्हणजे जमिनीच्या सरकारी दराच्या, हिशोबाने निघतो आणि आमच्या सौद्याच्या गणितात तो रुपयाभर पण धरलेला नव्हता. गणित म्हणजे काय, सोलापुरात खरेदीवर 6 टक्के स्टॅम्प ड्युटी, नोंदणी 30 हजार, 50 लाखांच्या वर गेलं की 1 टक्का टीडीएस कापून भरायचा, मग पाडकाम, मग बांधकाम, आणि घर बांधून होईपर्यंत बँकेचं व्याज. पुण्यात अशा चुका भाव वाढून झाकल्या जातात. सोलापुरात झाकल्या जात नाहीत, इथली पोरं पुण्याला जातात आणि जी राहतात ती आधी विचारतात पाणी किती दिवसाआड येतं.

तिसरं उंचीचं. होटगी रोडचं विमानतळ. आता आमच्याकडे विमान म्हटलं की लोकांना चिमणी आठवते, 15 जून 2023 ला विमानाच्या वाटेत येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा निम्मं सोलापूर मोबाईलवर बघत होतं आणि निम्मं भांडत होतं. ते काही उकरून काढायचं नाही मला. जून 2025 ला गोव्याचं विमान सुरू झालं, मी पण बसलो एकदा. पण आमच्या जागेवर किती मजले चढवता येतील हे विमानतळाच्या उंचीच्या नकाशावर ठरणार हे मला विसारानंतर कळलं, म्हणजे सात मजल्यांचं गणित मांडून बसलेला माणूस मी, आणि सात होतील की चार हे अजून नक्की नाही.

चौथ्यासाठीच हे पत्र लिहायला बसलो.

मोजणीच्या दिवशी गेटवर एक बाई आल्या. साठीच्या असतील. त्या तिथं मागासाठी सुताची कांडी भरायला होत्या, बावीस वर्षं. तेलुगूमिश्रित मराठीत म्हणाल्या, तुम्ही घेतलाव का कारखाना? मी म्हटलं अक्का अजून घेतला नाही, घ्यायलोय. त्या म्हणाल्या मग आमचं पैसे कोण देणार, तुम्ही का ते? मला उत्तर देता आलं नाही. त्या कामाला होत्या तेव्हाच्या 1972 च्या ग्रॅच्युईटी कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त कामगारांच्या कारखान्यात पाच वर्षं भरली की वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, बावीस वर्षांचा हिशोब तुम्हीच करा. पण अक्काचं नाव कुठल्या रजिस्टरला आहे? तीन मीटरपैकी कुठल्या कारखान्यात त्या होत्या? त्यांना फक्त शेड माहीत होतं, आणि शेठ.

आणि तुमच्या नियमावलीत स्पष्ट आहे की बंद पडलेल्या उद्योगाची जागा रेसिडेन्शियल करायची तर कामगारांची देणी दिली किंवा त्याची व्यवस्था केली असं कामगार आयुक्तांचं ना-हरकत पाहिजे. बिल्डर लोक या अटीला शिव्या घालतात. मी घालत नाही. अट बरोबर आहे साहेब, ती काढू नका, कुणी कितीही शिष्टमंडळं घेऊन आलं तरी. मुंबईत गिरण्यांच्या जमिनीचं काय झालं ते सगळ्यांनी बघितलंय, जमीन वाटपाचा 1991 चा नियम, 2001 ला बदललेला नियम, 2006 ला सुप्रीम कोर्टाचा निकाल, आणि कामगारांची पोरं घरासाठी अजून फॉर्म घेऊन फिरतात. तिथं निदान युनियन होत्या, मोर्चे निघत होते. आमच्या पंधरा-वीस मागांच्या शेडला कसली युनियन.

पण ही अट येते कधी ते बघा. विसार झाला, खरेदीखत झालं, पैसे शेठच्या खात्यात गेले, शेठने पोराला पुण्यात फ्लॅट घेतला, आणि मग मी परवानगी मागायला गेलो की तिथं विचारणार कामगारांचं काय. तेव्हा शेठ म्हणणार मी तर विकून मोकळा. मी म्हणणार मी त्यांना कधी कामाला ठेवलं होतं? अक्का तिथंच गेटवर. आणि हीच गोष्ट विसाराच्या आधी माझ्या हातात लेखी असती तर मी शेठला सांगितलं असतं, शेठ, लाईट एवढी, प्रीमियम एवढा, बायकांची देणी एवढी, हे सगळं तुमच्या किमतीतून वजा, उरलेला चेक तुमचा. शेठ कुरकुरला असता, चहा न पाजता उठवलं असतं, पण विकायची गरज त्याला होती, परत बोलावलं असतं. बंद कारखान्यातले पैसे फक्त एकदाच बाहेर येतात, विकताना, नंतर तिथं भिंतीच असतात.

तर माझी मागणी एवढीच. कुठल्याही बंद कारखान्याच्या मिळकतीवर विसार द्यायच्या आधी खरेदीदाराने फी भरून अर्ज केला, पाहिजे तर दहा हजार घ्या, पंचवीस घ्या, तर महापालिकेतून एकाच कागदावर मिळावं की झोन कुठला, रस्तारुंदीत किती जातंय, आरक्षण आहे का, कलम 20 ची सूट होती का आणि अंदाजे प्रीमियम किती, घरपट्टीची आणि विजेची बाकी किती, विमानतळामुळे उंची कुठवर, आणि या पत्त्यावर कामगारांचा कुणाचा दावा पडून आहे का. तारीख टाकून, सही-शिक्क्याने, एक वर्ष चालेल असं. आणि जे त्या कागदावर नाही ते नंतर खरेदीदाराकडून मागायचं नाही. कामगारांचा दावा मात्र यातून वगळा, तो नंतर सापडला तरी मेला नाही पाहिजे, तो विकणाऱ्याच्या मागे लावा. यातली प्रत्येक माहिती कुठल्या ना कुठल्या सरकारी टेबलावर आजही आहेच, फक्त ती टेबलं एकमेकांशी बोलत नाहीत आणि मला सगळ्यांशी बोलायला लागतं, ते पण पैसे दिल्यावर.

आगीचं पण त्यात घालता आलं तर बघा. मे 2025 मध्ये आमच्याच अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जण गेले, मालकाच्या घरचे होते, कामगार होते. सुताचा माल कसा पेटतो ते आम्हाला माहीत आहे, एकदा आत धरला की पाण्याने लवकर विझत नाही. आमची पुढची दोन मजली इमारत न पाडता खाली दुकानं आणि वर गोडाऊन भाड्याने द्यायचा मेव्हण्याचा विचार होता, त्याला मी सांगितलं आधी जिना मोज. एकच जिना आहे, तीन फुटाचा.

फ्लॅटच झाले पाहिजेत असं पण माझं काही नाही. शेड तसंच ठेवून आत शिलाईची, हेमिंगची, पॅकिंगची छोटी युनिट बसवली तर आसपासच्या बायकांना चालत जाऊन काम मिळेल, आणि भाडं पण बरं येईल. पण ते करायचं की पाडायचं हे ठरवायला आधी जागेची कुंडली हातात पाहिजे ना साहेब, आपल्याकडे लग्न ठरवताना पण आधी मागतात.

विसाराची मुदत पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला संपते. शेठ म्हणतो वाढवून देतो पण भाव वाढेल. मेव्हणा म्हणतो विसार सोडून देऊ. मी अजून काही बोललेलो नाही.

आपला,
एक सूत दलाल, पूर्वभाग, सोलापूर

ता. क. : अक्काला मी माझा मोबाईल नंबर दिलाय. त्यांनी आणखी अकरा जणींची नावं आणि किती वर्षं काम केलं ते वहीच्या पानावर लिहून आणलंय, पोरीकडून, मराठीत. ते पान कुठल्या ऑफिसात जमा करायचं तेवढं तरी कळवा.