मशीन एकसुरी चालायला लागलं

कोलंबस, ओहायो
२७ एप्रिल

तीर्थरूप अण्णा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

रविवारी फोनवर अण्णांनी गवत कापायच्या मशीनचं काय झालं म्हणून विचारलं आणि मी "झालं नीट" एवढंच बोलून विषय संपवला. फोन ठेवल्यावर वाटलं, अण्णांना एवढ्यानं समाधान नाही व्हायचं. म्हणून सगळं लिहितो. तुमच्या पाठीवरच्या फवारणी पंपाचंही यातच येईल, तेवढं नीट वाचा.

इथे ऑक्टोबरअखेर गवत वाढायचं थांबतं, मग मशीन पाच-सहा महिने शेडमध्ये. एप्रिलचा पाऊस सुरू झाला की मात्र गवत आठवड्याला चार बोटं वर येतं. पंधरा दिवसांपूर्वी मशीन बाहेर काढलं. सात-आठदा दोरी ओढली तेव्हा लागलं, पण एकसारखं चालेना. आवाज चढायचा, पडायचा, परत चढायचा. दाट गवतात घातलं की गुदमरून बंद.

अण्णा, तुम्ही विहिरीवरचं इंजिन खोलायचात तेव्हा मी शेजारी बसून असायचो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशानं बरं झालं ते कळत नाही, हे तुमचं सांगणं मी इथे तंतोतंत पाळलं. आधी प्लगची टोपी काढून बाजूला ठेवली, कारण खालचं पातं हातानं फिरलं तरी इंजिन पेटू शकतं. ऑइल बघितलं, ठीक होतं. एअर फिल्टर उजेडात धरला तर पलीकडचं काही दिसेना, म्हणून नवा घातला. फरक नाही. पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक छिद्र असतं, ते बुजलं तरी इंजिन उपाशी राहतं. म्हणून झाकण सैल करून चालवून पाहिलं. फरक नाही. प्लग काढला, त्याचं टोक पांढुरकं दिसलं. ठिणगी पडायची गॅप ०.७६ मिलिमीटर, पुस्तकात होती तेवढीच.

मग चालू इंजिनचा चोक अर्धा ओढला, आणि आवाज एकदम सरळ झाला! चोक लावला की हवा कमी होते. हवा कमी केल्यावर इंजिन सुधारतं, म्हणजे पेट्रोलच कमी पडत होतं. आवाज वरखाली का व्हायचा, तेही तेव्हा उमगलं. पेट्रोल अपुरं, म्हणून इंजिनचे फेरे कमी व्हायचे. फेरे कमी झाले की गव्हर्नर, म्हणजे वेग सांभाळणारा भाग, थ्रॉटलची झडप उघडून जास्त हवा-पेट्रोल आत सोडायचा, इंजिन उसळायचं, की गव्हर्नर परत आवळायचा. गव्हर्नरचा काही दोष नव्हता. तो बिचारा आपलं काम इमानानं करत होता.

शनिवारी संध्याकाळी कार्बोरेटर, जिथे पेट्रोल हवेत मिसळतं तो भाग, उघडला. तुमचा नातू बॅटरी धरून बसला होता, हात दुखला तरी हलला नाही. खालची वाटी सोडवली, तर तळाशी पाण्याचे दोन थेंब, मण्यांसारखे, पेट्रोलखाली वेगळेच घरंगळत होते. कडेला पांढरी, चुन्यासारखी पापडी. पेट्रोल ज्यातून वर जातं तो बारीक भोकाचा मेन जेट काढून बॅटरीसमोर धरला, तर भोकातून उजेडच येईना. सुईच्या टोकाएवढं भोक, आणि त्यावर सगळं मशीन अडलेलं.

जेटमध्ये टाचणी घालायची नाही, पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं, हे तुमचंच. जुन्या वायरीतली तांब्याची एक तार सोलून घेतली आणि हलक्या हातानं फिरवली. वरच्या नळीची बाजूची भोकंसुद्धा क्लीनर मारून मोकळी केली. वाटीची रबरी रिंग मात्र फुगली होती, खाचेत बसेना. रात्रभर उघड्यावर ठेवली आणि सकाळी ती आपसूक मापात आली. ताजं पेट्रोल घातलं. तिसऱ्या ओढीला लागलं. आपलं इंजिन संध्याकाळी बांधावरून ऐकू यायचं ना, तसा एकसुरी आवाज. माझा पोरगा टाळ्या वाजवायला लागला आणि मला तुमची फार आठवण आली, अण्णा. तुम्ही इथे असायला हवे होतात.

चूक माझीच. ऑक्टोबरात टाकी न रिकामी करता मशीन ठेवून दिलं. इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, ते बहुतेक मक्यापासून काढलेलं. ते हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि पाणी फार झालं की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी बसतं. जेट तर तिथेच असतो.

आपल्याकडे आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, म्हणजे इथल्या दुप्पट. आपला ऊस कारखान्याला जातो, त्यातलंच इथेनॉल तुमच्या फवारणी पंपात येत असेल. तेव्हा एवढं करा: फवारणी संपली आणि महिनाभर पंप लागणार नसला, तर टाकी ओतून रिकामी करा आणि पंप चालू करून आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटरही कोरडा होईल. आणि कॅनमधलं मागच्या हंगामाचं पेट्रोल त्यात घालू नका.

आई, तुझ्या गुडघ्याचं तेल संपलं असेल तर कळव, जूनमध्ये येताना पुण्याहून घेऊन येतो. अण्णा, पंपाची दोरी सध्या किती ओढींत लागते, ते पुढच्या फोनला सांगा.

तुमचा,
थोरला