शायनिंग पाहिला

सातारा,
१६ नोव्हेंबर

चि. बापू यास,
अनेक आशीर्वाद.

पोचल्याचा फोन सूनबाईंचा आला. तुझा आला नाही, ते साहजिकच आहे. पाडव्याला जे झालं त्याबद्दल काही लिहायचं नाही असं ठरवून बसलोय. तुझी आई म्हणते, व्हॉट्सॲपवर दोन ओळी टाका आणि मोकळे व्हा. दोन ओळींत माझं कधी भागलंय?

पायरीवर बूट घालता घालता तू म्हणालास, "तुम्ही तरी बोलू नका, बाबा. एकदा शायनिंग बघा." मला वाटलं, भांड्यांच्या पावडरीबद्दल काही बोलतोयस. राणीच्या मुलाला विचारलं तर तो हसतच सुटला, म्हणाला, तो भीतीचा इंग्रजी सिनेमा आहे. "आजोबा, तुम्ही बघणार?" मग त्यानंच परवा लॅपटॉप टीव्हीला जोडला, खाली इंग्रजी अक्षरं लावून दिली आणि क्लासला निघून गेला. तुझी आई स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. मी एकटाच.

आमच्या वेळच्या भुताच्या सिनेमात पांढरी साडी, मेणबत्ती आणि करकरणारं दार असायचं. यात सगळा लख्ख उजेड. लांबच लांब बोळ, रंगीत गालिचे, बाहेर बर्फ. इतक्या उजेडात माणूस घाबरतो हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळलं. सुरुवातीला डोंगरातल्या रस्त्यावरून ती पिवळी गाडी चाललेली असते, तेव्हा मला केळघर घाट आठवला. आणि सिनेमातल्यासारखं हिवाळ्यात बंद हॉटेल सांभाळायला राहणं म्हणजे काय, ते आपल्याला दिगूकाकामुळे माहीत आहे. महाबळेश्वरच्या त्या बंगल्यावर चार महिने पाऊस आणि तो. गणपतीला खाली उतरला की आठ दिवस कुणाशी धड बोलायचा नाही. पण दिगूकाकाबरोबर तिथं बायकामुलं नव्हती.

मला वाटलं होतं, बायको-पोराला घेऊन हॉटेल सांभाळायला आलेला तो जॅक नुसता लेखक असेल. नोकरीची मुलाखत होते त्यात कळतं की आधी मास्तर होता. तिथंच मी जरा सावरून बसलो.

मग ती डॉक्टरीणबाई येते. पोराला तपासते आणि बाहेरच्या खोलीत त्याच्या आईला विचारते, पूर्वी कधी काही दुखापत? आई सिगारेट ओढत सांगते. हसून सांगते. नवरा पिऊन उशिरा आला, पोरानं त्याचे शाळेचे कागद खोलीभर पसरले होते, त्यानं हात धरून ओढलं आणि खांदा निखळला. पण तो निव्वळ अपघात होता हो, असं तर आपण रस्त्यात, बागेत पोरांना शंभरदा ओढतो. बापू, तिच्या सिगारेटीची राख वाढत वाढत चाललेली असते आणि पडत नाही. माझं सगळं लक्ष त्या राखेकडे. मी सिनेमा थांबवला आणि पाणी प्यायलो.

१९९१ चा एप्रिल. तू तीन वर्षांचा. बोर्डाचे भूमितीचे पेपर घरी, दोनशेच्या वर. मॉडरेटरकडे गठ्ठा द्यायला एक दिवस उरलेला. मी चहाला उठलो आणि तू पुरवण्यांचे दोरे सोडून कागद शहाबादी फरशीवर मांडलेस, ओळीनं, होड्या करायला. कुठली पुरवणी कुणाची, काही कळेना. एखाद्या पोराचं वर्ष गेलं असतं. माझी नोकरी

हे लिहिताना थांबलो. कारण तो जॅकही पुढं बारमध्ये हेच सांगतो. समोर दारू देणारा माणूस खरा आहे की नाही तेही धड कळत नाही, आणि हा त्याला सांगतो की पोरानं माझे कागद फेकले होते, मी फक्त उठवायला गेलो. वर हिशेब करतो, सेकंदाला थोडे फूट-पाउंड जोर जास्त लागला म्हणून. मी तीस वर्षं गणित शिकवलं. माणूस एककं कधी वापरतो ते मला ठाऊक आहे.

मी दारू पीत नव्हतो, हे मात्र लिहून ठेवतो. आता वाटतं, त्यानं काय फरक पडतो?

तुझा डावा हात धरून उचललं. टक् असा आवाज आला का नाही, आठवत नाही. तू हात अंगाशी धरून बसलास आणि रडायचा थांबलास, तेच जास्त भयंकर होतं. डॉक्टरांनी तळवा फिरवून कोपर दुमडलं, बस्स. पाच मिनिटांत तू त्याच हातानं त्यांच्या टेबलावरचा स्टेथोस्कोप ओढत होतास. ते म्हणाले, लहान मुलांचं कोपर सरकतं असं, एका हातानं ओढून उचलू नका, काखेत धरून उचला. कसं झालं विचारल्यावर तुझी आई म्हणाली, खेळताना पडला. मी शेजारीच उभा होतो.

परवा सिनेमा अर्धवट टाकून मी तिला विचारलं, तेव्हा खोटं का सांगितलंस? तिनं मान वर केली नाही. "मग काय सांगायचं होतं?" म्हणाली, आणि काड्या वेगळ्या, पानं वेगळी करत राहिली.

राणीच्या मुलानं सांगितलं की या सिनेमाच्या दोन प्रती आहेत. एक १४४ मिनिटांची, दुसरी युरोपात दाखवलेली, जवळपास २५ मिनिटं कापलेली. त्या छोटीत डॉक्टरीणबाईंचा प्रसंगच नाही म्हणे. तू कुठली पाहिलीस? कधी पाहिलीस? मुंबईला होस्टेलवर असताना? इतकी वर्षं मनात ठेवलंस आणि पाडव्याच्या दिवशी पायरीवर काढलंस.

आता सांगतोच. छोटूनं तुझ्या लॅपटॉपवर हात मारला, तुझा कॉल चालू होता, तू त्याला दंडाला धरून बाजूला ओढलंस. मी सगळ्यांदेखत ओरडलो ते चुकलं. सूनबाईंसमोर तर नकोच होतं. पण त्याचा चेहरा मी पाहिला. तो रडायचा थांबला होता.

बापू, राग आला की आधी खोलीबाहेर जा. कामाची खोली वेगळी ठेव, दाराला कडी लाव, कॉलच्या वेळी पोराला आत येऊ देऊ नकोस. घरून काम आणि घरातलं मूल एका टेबलावर ठेवायचं नाही. झोप पुरी घे. मॅनेजर ओरडला तर तो राग

बघ, लागली मास्तरकी. माफ कर. एवढा मोठा बत्तीस जणांचा गट सांभाळतोस, तुला मी काय कड्या लावायला शिकवू? तुझ्या आईनं तो आकडा सगळ्या गल्लीत सांगितलाय, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांनासुद्धा.

राहिलेला भाग दुसऱ्या रात्री पाहिला. शेवटी जॅक कुऱ्हाड घेऊन येतो, दार फोडतो, त्याची मला फारशी भीती वाटली नाही. त्याच्या टाइप केलेल्या कागदांची वाटली. पानंच्या पानं एकच वाक्य, नुसतं काम आणि खेळ नाही अशा अर्थाचं. मी वर्गात पोरांना शंभर वेळा लिहायला लावायचो, हुबेहूब तसं. आणि वाटली ती मुलगा बापाच्या मांडीवर बसतो त्याची. तो विचारतो, तुम्ही मला आणि आईला कधी काही करणार नाही ना? बाप म्हणतो, हे तुला आईनं सांगितलं का? तू मला असं कधी विचारलं नाहीस. आईला विचारलं होतंस का?

तीन चाकी सायकलवरून तो पोरगा बोळातून फिरतो. लाकडावर खडखड, गालिचावर गप्प, पुन्हा खडखड. तुझी लाल सायकल ओटीवर अशीच वाजायची, चटईवर आली की आवाज बंद. आवाज बंद झाला की मी पेपरातून मान वर करायचो. वाचलं की त्या पोराचं काम करणाऱ्या डॅनी लॉइडला भीतीचा सिनेमा चाललाय हे शूटिंगच्या वेळी कळूच दिलं नव्हतं. पाच-सहा वर्षांचं पोर. दिग्दर्शक कुब्रिक मोठ्यांना छळायचा म्हणतात, पण पोराला मात्र त्यांनी जपलं.

तू डावखुरा स्पिनर झालास. सोळा वर्षांखालच्या जिल्हा संघात निवड झाली तेव्हा मी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. शाहू स्टेडियमवर तुझी ओव्हर असली की लोक बॉल बघायचे, मी तुझं कोपर बघायचो. दर बॉलला. एकदा तू पाच बळी घेतलेस आणि मला त्यातला एकही सांगता येईना. तू घरी येऊन विचारलंस, बाबा, तो तिसरा कसा गेला? मी म्हणालो, छान गेला. तू रुसलास. आता कळलं ना का ते?

मेतकूट आणि कडबोळी दिगूकाकाच्या जावयाबरोबर पाठवतोय, रविवारी निघेल. लाल सायकल माळ्यावरून काढली. मागच्या एका चाकाचं रबर गेलंय, राजवाड्याजवळ दाखवतो. नाताळच्या सुट्टीत याल ना? तू नाही आलास तरी दोघांना पाठव. नको, तूही ये.

तुझा,
बाबा

ता. क. छोटूचा हात नीट वर जातो ना? आंघोळ घालताना दोन्ही हात वर करायला सांग आणि बघ. खेळ म्हणून सांग.