विषय: ट्रेकिंगचे शूज ट्रेकिंगला वापरल्याबद्दल

मॅनेजर साहेब,

आज तुमच्या कस्टमर केअरला पाचवा फोन झाला, सव्वीस मिनिटं, त्यातली वीस होल्डवरची ती बासरी ऐकण्यात गेली, म्हणून आता लेखी देतेय. मार्चमध्ये तुमच्या पुण्याच्या शोरूममधून 9,499 रुपयांचे ट्रेकिंग शूज घेतले, एक वर्ष वॉरंटी, बिल जोडलंय. मे महिन्यात बहीण आणि मेव्हण्यांबरोबर लास वेगासहून गाडीने झायन, ब्राइस आणि ग्रँड कॅन्यन हे अमेरिकेतले तीन नॅशनल पार्क केले.

झायनला स्काउट लुकआउटपर्यंत चढलो, शेवटी ती 21 वळणं, तेव्हा शूज ठीक होते. (पुढे साखळ्या धरून एंजल्स लँडिंगच्या माथ्यावर जायचं तर परमिट लागतं, लॉटरीत आमचा नंबर लागला नाही, त्याचा राग तुमच्यावर काढत नाहीये.) ब्राइसला सुळक्यांमधून उतरताना उजव्या टाचेतून काळा भुगा पडायला लागला, मला वाटलं माती. तिथली माती केशरी आहे हे तेव्हाच सुचायला हवं होतं.

मग ग्रँड कॅन्यन, साउथ कैबाब ट्रेल. आपल्याकडे गड आधी चढतो मग उतरतो, तिथे उलटं, आधी दरीत उतरा आणि दमल्यावर चढा, वाटेत प्यायला पाणी नाही, सावली नावाला. सीडर रिजला, म्हणजे जवळजवळ 1,100 फूट खाली, उजवा सोल अख्खा सुटून मागे राहिला आणि मी पुढे. दहा मिनिटांनी डावा. एका अमेरिकन आजींनी काठीला गुंडाळलेली डक्ट टेप काढून दिली म्हणून वर आले. मधे खेचरांचा तांडा आला, कडेला उभी राहून त्यांचे नाल बघत होते, एकाचाही निघाला नव्हता.

आता आजचा फोन. तुमचा माणूस विचारतो, मॅडम शूज कुठे वापरले? म्हटलं डोंगरात. म्हणजे रफ सरफेसवर? अहो ट्रेकिंगचे शूज आहेत, मंगळागौर खेळायला नव्हते घेतले! तर म्हणे रफ यूजला वॉरंटी नाही. बरं, किती चाललात? तिन्ही पार्क मिळून 15-16 किलोमीटर. मग परत बासरी. परत येऊन म्हणतो, मॅडम, यूज फार कमी आहे, शूज न वापरता पडून राहिले की सोल सुटतो. म्हणजे एकाच फोनमध्ये मी शूज जास्तही वापरले आणि कमीही वापरले! वर "तुमचं वजन किती?" हेही विचारून झालं.

पडून राहिले हे मात्र खरं बोलला, फक्त माझ्याकडे नाही, तुमच्या गोडाऊनमध्ये. पीयूचा (पॉलियुरेथेनचा) मिडसोल, म्हणजे सोलचा मधला थर, दमट हवेत वर्षानुवर्षं ठेवला की आतून कुजतो आणि भुगा होतो, हे मी तुम्हाला सांगायचं? खोक्यावरच्या उत्पादनाच्या तारखेवर दुसरं स्टिकर का चिकटवलं होतं ते तुम्हीच सांगा. मी नखाने काढलंय, फोटो जोडलाय. 9,499 रुपये घेतलेत, परत सांगते.

मुलाचे शाळेचे बूटसुद्धा तुमचेच घेत आले आजवर. आठ दिवसांत पूर्ण पैसे परत हवेत, कूपन नको, नाहीतर ग्राहक आयोगात जाणार. शूज अजून टेपसकट ठेवलेत, नवव्या दिवशी शोरूमच्या काउंटरवर आणून मांडते, संध्याकाळी सातला, गर्दी असते तेव्हा.