मल्हारला, पाणक्याकडून

प्रिय मल्हार,

तू झोपलायस. तुझे मोजे रेडिएटरवर टाकलेत आणि त्यातून ॲस्ट्रो पिचचे, म्हणजे नकली गवताच्या मैदानाचे, ते काळे रबराचे दाणे अजून गळतायत. आई म्हणते, हे दाणे आता होळीपर्यंत घरात सापडत राहणार.

पत्र मराठीत लिहितोय, कारण हे मला इंग्रजीत धड सांगता येणार नाही. जोडाक्षर अडलं तर आईला विचार. सावकाश वाच.

सकाळची गंमत तुला आठवते का ठाऊक नाही, तू अर्धा झोपेत होतास. पावणेआठला आपण निघालो तेव्हा मिट्ट काळोख होता. जानेवारीच्या सुरुवातीला इथं आयर्लंडमध्ये सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो, पण ब्लिट्झवाल्यांना, म्हणजे एकाच दिवसात छोटे छोटे सामने भरवणाऱ्यांना, त्याचं काही नाही. काचेवरचं बर्फ मी वाचनालयाच्या कार्डाने खरवडलं. (कार्ड मोडलं. आईला मी सांगतो, तू सांगू नकोस.) एम 3 महामार्गावर डनबॉइनचा फाटा आला तेव्हा मी तुला शॉन बॉयलनची गोष्ट सांगत होतो, तू नुसतं 'हूं हूं' करत होतास, म्हणून परत सांगतो. हा माणूस या गावचा, धंद्याने वैद्य, झाडपाल्याची औषधं देणारा. 1982 साली मीथ काउंटीची गेलिक फुटबॉलची टीम त्याच्या हाती आली ती 2005 पर्यंत. त्यात मीथने 1987, 1988, 1996 आणि 1999 अशी चारदा ऑल-आयर्लंड, म्हणजे अख्ख्या आयर्लंडची स्पर्धा, जिंकली. एक वैद्य! मला ही गोष्ट फार आवडते. या खेळात कुणालाच खेळायचा पगार नाही. डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात 82,300 माणसं मावतात, तेवढ्यांसमोर फायनल खेळलेला माणूस चार दिवसांनी पुन्हा शाळेत फळ्यासमोर उभा असतो. आपल्याकडच्या मंडळांतली कबड्डी अशीच होती. गाव आपलं, म्हणून जर्सी आपली.

परवा आजीने फोनवर विचारलं होतं, "लाथही मारायची आणि हातातही धरायचा, मग हा फुटबॉल कसला?" मी तिला सगळं समजावलं. आडव्या दांडीखालून जाळ्यात गेला तर गोल, त्याचे तीन पॉइंट. दांडीवरून दोन उभ्या खांबांमधून गेला तर साधारणपणे एक. चेंडू हातात घेऊन चारच पावलं पळता येतं, मग एकतर जमिनीवर टप्पा द्यायचा, नाहीतर बुटाच्या टोकाने उडवून परत स्वतःच्या हातात घ्यायचा, आणि टप्प्यामागून लगेच दुसरा टप्पा चालत नाही. आजी म्हणाली, "म्हणजे पळताना मोजायचं? पोराचं गणित सुधारेल." तिच्या या वाक्यावर मी तेव्हा हसलो होतो.

तर आपण पोचलो. गवताचं मैदान इतकं गोठलं होतं की तुमच्या बुटांचे स्टड रुतायचं नाव घेत नव्हते, फरशीवर वाजावेत तसे टकटक वाजत होते. त्यांच्या क्लबाचे एक आजोबा मोटारीची किल्ली जमिनीत खुपसून बघत होते. किल्ली शिरेना. मग सगळी वरात ॲस्ट्रोवर. सहा क्लब, एक पिच, त्याचे आडवे तीन तुकडे, नऊ-नऊ पोरांचे संघ, आणि सामने दहाऐवजी आठ मिनिटांच्या दोन डावांचे. तुझ्या कोचनी बसवून सगळ्यांना सांगितलं ते मीही ऐकलं: अंडर-टेनला स्कोअर लिहीत नाहीत, कप नाही, सगळे खेळणार. (पोरं मनात मोजतातच. तो लाल केसांचा तुमचा गोलकीपर मला प्रत्येक सामन्यानंतर कानात आकडा सांगून जात होता, आणि त्याचा हिशोब माझ्यापेक्षा पक्का होता.)

आता दुसऱ्या सामन्याचं.

तू मधून चेंडू घेऊन निघालास. समोर फक्त एक पोरगा. मला वाटलं, गेला! आणि शिट्टी वाजली. पाच पावलं. फ्री किक त्यांना.

त्यानंतर मी काय केलं ते तुला ठाऊक आहे, कारण सगळ्या मैदानाला ठाऊक आहे. मी रेषेवरून ओरडलो. आधी इंग्रजीत, "ती चारच होती," असं. मग रेफरीने माझ्याकडे बघितलं नाही म्हणून आणखी मोठ्याने. आणि शेवटी मराठीत, "अरे डोळे आहेत का काय?" तेवढ्या मैदानावर मराठी कळणारे आपण दोघंच होतो, पण त्याचा अर्थ सगळ्यांना लागला.

मल्हार, त्या रेफरीचं वय पंधरा असेल. त्याच्या अंगावरचं जॅकेट त्याला मोठं होत होतं. ओरडल्यावर त्याचे कान लाल झाले, थंडीने आधीच लाल होते ते आणखी. इतकं मला दिसत होतं, तरी मी गप्प बसलो नाही. नववी-दहावीतली पोरं या थंडीत शिट्टी घेऊन उभी राहतात म्हणून तुमचा ब्लिट्झ होतो.

तुझे कोच माझ्याशी भांडले नाहीत. ते नुसते माझ्याजवळ आले, एक पिवळी बनियन माझ्या हातात दिली आणि म्हणाले, आज पाण्याला माणूस नाही, करशील का? त्या बनियनवर आयरिशमध्ये दोन शब्द होते. तू मागे मला शिकवलं होतंस, म्वीर इश्का. म्हणजे पाणक्या. इश्का म्हणजे पाणी, आणि व्हिस्की हा शब्दही त्यातूनच आला, हे मात्र तुला मी शिकवलं होतं, आणि आई माझ्याकडे कशी बघत होती तेही आठवतंय. पाण्याला माणूस आधीच होता की नाही, मला ठाऊक नाही. शून्य अंशात पाणी कुणाला हवं होतं, तेही नाही. माणसाला न बोलता गप्प कसं बसवावं, हे त्या कोचकडून शिकावं.

पण पाणक्या झाल्यावर मला जे दिसलं ते रेषेवरून कधी दिसलं नव्हतं. रेषेवरून नुसता चेंडू दिसतो. आत गेलं की पोरं दिसतात. तो बारका मुलगा, ज्याची जर्सी गुडघ्यापर्यंत येते, त्याची बोटं गारठून त्याला बाटलीचं झाकण उघडेना, आणि रडणं दाबायला तो माउथगार्ड चावत होता. समोरच्या क्लबाच्या एक बाई तुमच्या संघातल्या एका पोराच्या बुटाची नाडी बांधत होत्या, सामना चालू असताना. आणि तू. तू माझ्यापासून दहा फुटांवरून चेंडू घेऊन गेलास. तोंडातून वाफ येत होती आणि ओठ हलत होते. मला स्पष्ट ऐकू आलं, "एक, दोन, तीन, टप्पा. एक, दोन, तीन, पाय."

मराठीत. शाळेत तू इंग्रजीत मोजतोस, आयरिशमध्ये मोजतोस. मागच्या उन्हाळ्यात मागच्या दारी आपण दोघांनी मिळून हे घोकलं होतं, ते तू तसंच ठेवलंस. मी बाटल्यांची टोपली धरून तिथंच उभा राहिलो. कोच म्हणाले, "पिचवरून बाहेर ये."

नंतर क्लबाच्या हॉलमध्ये सूप होतं, तुम्ही पोरं बन्सवर तुटून पडला होतात. माझ्याशेजारी किल्लीवाले आजोबा बसले. कुठले तुम्ही, म्हणून विचारलं. महाराष्ट्र म्हणालो, तर म्हणाले, लिओच्या वडिलांकडचे? लिओ वराडकर दोनदा इथला पंतप्रधान झाला, त्याचे डॉक्टर वडील मूळचे मालवण तालुक्यातल्या वराड गावचे, तेव्हा त्यांचं चुकलं नव्हतं. मी म्हणालो, ते कोकणातले, आम्ही घाटावरचे, सांगलीचे. त्यांनी मान अशी डोलवली, जशी केरी काउंटीवाल्याने मेयो काउंटीवाल्याबद्दल ऐकून डोलवावी. सगळं कळल्यासारखी.

तेवढ्यात तो रेफरी दिसला. दारापाशी उभा, एका हातात चहाचा कागदी पेला, दुसऱ्यात बन. मी उठलो. त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो. माफी मागायलाच गेलो होतो, वाक्यसुद्धा जुळवलं होतं. आणि तोंडातून निघालं, "थंडी फार आहे." तो म्हणाला, "बाल्टिक." इथं कडाक्याच्या थंडीला पोरं असंच म्हणतात. मी म्हणालो, "हो, बाल्टिक." आणि परत येऊन बसलो. शेचाळीस वर्षांचा माणूस, हवामान बोलून आला.

गाडीत तू बराच वेळ काही बोलला नाहीस. टोल गेला तरी नाही. मग खिडकीकडे बघत म्हणालास, "बाबा, मी पाच घेतली होती. मी मोजली."

मी त्यावर काही बोललो नाही, ते रागाने नव्हे. तुला तसं वाटलं असेल म्हणून हे पत्र.

मी तुझ्यापेक्षा थोडा मोठा असताना, आठवीत, वाळव्याकडच्या एका गावात आमच्या मंडळाचा सामना होता. मी चढाईला गेलो, परत येताना माझा पाय मैदानाबाहेर पडला. एवढासा, अंगठाच. पंचांनी हात वर केला. आणि मी भांडलो. आमची सगळी पोरं भांडली, गावातली माणसं आत आली, वीस मिनिटं सामना थांबला आणि शेवटी पंचांनी निर्णय फिरवला. पाय पडला होता. मला तेव्हाच माहीत होतं, अंगठ्याला बाहेरची ओली माती लागली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, आईलाही नाही. आता तिला जोडाक्षरं विचारशील तेव्हा तिलाही कळेल, काही हरकत नाही.

तुझे आजोबा माझा एकही सामना बघायला आले नाहीत. त्यांना रानातून सवड नव्हती आणि बापाने खेळ बघायला यायचं असतं अशी कुणाची समजूतही नव्हती. त्यामुळे रेषेबाहेर बाप कसा उभा राहतो, हे मी कधी पाहिलंच नाही. हे कारण म्हणून सांगत नाही. मैदानावर मला येतं ते त्या वीस मिनिटांतलं, इतकंच.

त्या मुलाची माफी राहिली आहे. कोचना मी मेसेज केला, त्यांच्या क्लबाकडून त्याच्यापर्यंत पोचवता येईल का म्हणून. त्यांचं उत्तर आलं, पोचवतो, आणि पुढच्या शनिवारी दहाला सेशन आहे, पाण्याला येशील ना? मी हो म्हटलंय. तुला चालणार नसेल तर सकाळी सांग, मी गाडीत बसून राहीन.

तुझा माउथगार्ड धुऊन डबीत ठेवलाय, डबी किट बॅगच्या बाजूच्या खणात. क्लबाच्या बाटल्या घरी आणल्यात, बेसिनपाशी उपड्या घातल्या आहेत. अकरा भरतात. बारावी बहुतेक त्या बारक्याच्या बॅगेत गेली, त्याला विचार, पण ओरडू नकोस.

तुझा,
बाबा