सुहासला पत्र : फिरत्या डिटेलिंगसाठी गाडी निवडताना

शिरोली, कोल्हापूर
18 नोव्हेंबर 2025

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. स्टुडिओतली नोकरी सोडून पुण्याकडच्या बाणेर, बालेवाडी, वाकड या भागांत लोकांच्या दारात जाऊन कार डिटेलिंग, म्हणजे गाडीची आतून-बाहेरून बारकाईने सफाई आणि पॉलिश, करण्याचा तुझा बेत पक्का झाला, हे वाचून मनापासून आनंद झाला. टाटा एस, बोलेरो पिकअप, मारुतीची मालवाहू व्हॅन ईको कार्गो आणि जुनी ओम्नी अशी चार नावे लिहून ‘यांतली कोणती घेऊ’ असे तू विचारले आहेस. माझे मत ईको कार्गोच्या बाजूने आहे. पण नुसते नाव कळवून भागणार नाही. त्यामागची कारणे तुला ठाऊक असली, तर उद्या एखादा विक्रेता दुसरीच गाडी गळ्यात मारू लागला तरी तुला स्वतः हिशेब मांडता येईल. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या धंद्यातल्या गाडीची निवड पाण्यापासून सुरू होते. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन, हे शाळेत शिकलेले सगळ्यांना माहीत असते, तरी आमच्या वर्कशॉपमध्ये अशी गाडी बांधून घ्यायला येणारा माणूस हमखास 500 लिटरची टाकी मागतो. म्हणजे अर्धा टन ओझे तो दिवसभर घेऊन फिरणार असतो. साध्या प्रेशर वॉशरला मिनिटाला 6 ते 8 लिटर पाणी लागते आणि फोम धरून एका मध्यम आकाराच्या गाडीला 50 ते 60 लिटरांत उत्तम धुता येते. दिवसाला चार गाड्या धरल्या तरी 240 लिटर झाले, आणि त्यांतल्या ज्या गाड्यांवर फक्त धूळ असेल त्या रिन्सलेस पद्धतीने, म्हणजे खास द्रावणाने पुसून वरून पाणी न ओतता, 8 ते 10 लिटरांत होतात. म्हणून माझ्या मते तुला 200 लिटरची टाकी पुरेशी आहे. पावसाळ्यात चिखलाने माखलेल्या गाड्या वाढतील, तेव्हा दुपारी एकदा टाकी पुन्हा भरावी लागेल; तेवढ्यासाठी वर्षभर दुप्पट पाणी वाहू नकोस.

सोसायटीच्या नळाच्या भरवशावर मात्र धंदा उभारू नये. तू ज्या भागात काम करणार आहेस तिथल्या कितीतरी सोसायट्या उन्हाळ्यात टँकरवर जगतात, आणि तिथल्या सुरक्षारक्षकाने ‘इथे पाणी मिळणार नाही’ म्हटले तर तो चुकीचे बोलत नसतो. मार्च 2024 मध्ये बंगळूरच्या जल मंडळाने पिण्याच्या पाण्याने वाहने धुण्यावर बंदी घालून 5,000 रुपये दंड ठरवला होता. तशी वेळ आपल्याकडे येणारच नाही, असे धरून चालणे मला पटत नाही. शिवाय बोअरचे पाणी जड, म्हणजे क्षारांचे असते. काळ्या बॉनेटवर ते उन्हात वाळले की चुन्यासारखे पांढरे ठिपके राहतात आणि ते काढण्यात तुझा नफा जातो. त्यामुळे टाकीत बोअरचे पाणी असले तरी शेवटच्या हातासाठी आरओचे 20 लिटर पाणी वेगळ्या कॅनमध्ये ठेव आणि पाण्यातले क्षार मोजायला खिशात टीडीएस मीटर असू दे.

आता वजनाचा हिशेब मांडू. पाणी 200 किलो, 5 किलोवॉट-तासांची (म्हणजे 5 युनिटांची) लिथियम बॅटरी सुमारे 50, इन्व्हर्टर 20, प्रेशर वॉशर 20, व्हॅक्यूम 10, पॉलिशर, रसायने आणि कापडे मिळून 50, टाकी, फ्रेम आणि तळाचे काम 60, आणि तू व तुझा मदतनीस मिळून 140. एकूण 550 किलो झाले. प्रत्येक गाडीच्या आरसीवर रिकामे वजन आणि भरलेल्या गाडीचे कमाल वजन अशा दोन्ही नोंदी असतात. त्यांची वजाबाकी कर आणि ती 550 च्या वर आरामात राहते ना, ते पाहा. विक्रेता तोंडी जे सांगेल त्यापेक्षा हा आकडा खरा. पेट्रोलवरच्या ईको कार्गोत हे ओझे बसते. सीएनजी घेतलीस तर सिलिंडरचे वजन तुझ्या वाट्यातून वजा होते, हिशेब ताणला जातो आणि टाकी 150 लिटरांवर आणावी लागते. हा फरक किरकोळ नसतो : मारुतीच्याच सुपर कॅरी या छोट्या ट्रकची वहनक्षमता पेट्रोलला 740 आणि सीएनजीला 625 किलो आहे. तुझे दिवसाचे फिरणे दोन-तीन उपनगरांपुरतेच असल्यामुळे इंधनात होणारी बचतही फार मोठी नाही. सिलिंडरची दर तीन वर्षांनी करायची तपासणी आणि पंपावरची रांग लक्षात घेता मी पेट्रोलच घेईन.

टाकी कुठे आणि कशी बसते, यावर गाडी हाकणाऱ्याचा जीव अवलंबून असतो, म्हणून याबाबत मी तुला आग्रहाने सांगतो. पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी भरलेली टाकी अधिक धोकादायक असते, कारण ब्रेक दाबताच आतले 100 लिटर पाणी एकदम पुढे आदळते आणि वळणावर बाजूला लोटते. त्यासाठी आत भोके पाडलेले आडवे पडदे हवेत. टाकी उंच नको. बसकी आणि रुंद हवी, आणि ती चालकाच्या मागच्या जाळीला लागून, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या आसांच्या मध्ये यायला हवी. ती बेल्टने आवळण्यावर भागवू नकोस. लोखंडी चौकट करून ती गाडीच्या सांगाड्याला बोल्टने बांधावी लागते. मागच्या दाराजवळ टाकी ठेवली की पाईप जोडायला सोपे जाते हे खरे, पण मग गाडीचे नाक हलके होते आणि स्टिअरिंगला पकड राहत नाही.

बोलेरो पिकअप मी पहिल्याच विचारात बाजूला ठेवली. तिची टनाहून अधिक वहनक्षमता तुझ्या कामात निम्मीसुद्धा वापरली जाणार नाही. टाटा एसबद्दल मात्र मला आदर आहे. 2005 मध्ये आलेल्या या छोट्या हत्तीने आपल्या गावागावांतल्या कितीतरी तरुणांना स्वतःच्या पायांवर उभे केले. ओझे वाहण्यात ती ईकोपेक्षा सरस आहे. अडचण आहे ती उंचीची. सामान ऊन-पावसापासून आणि चोरांपासून वाचवायला तिच्यावर बंद कंटेनर चढवावा लागेल, आणि तसा कंटेनर चढवला की कितीतरी बेसमेंटांच्या तोंडाशी टांगलेल्या उंचीच्या पट्टीखालून ती जाणार नाही. ईकोची उंची सुमारे 1.8 मीटर आणि रुंदी दीड मीटरच्या आत आहे, त्यामुळे ग्राहकाची गाडी जिथे उभी असते तिथपर्यंत ती सहसा पोहोचते. सरकते दार दोन गाड्यांच्या फटीतही उघडते, आणि मागचे दार वर उचलले की त्याच्या सावलीत उभे राहून पॉलिशरचे पॅड बदलता येते. बेसमेंटमध्ये सावली आणि धूळमुक्त जागा मिळते. सिरॅमिक कोटिंगला, म्हणजे रंगावर चढवायच्या टिकाऊ संरक्षक थराला, नेमके तेच हवे असते. सगळे सामान घेऊन बेसमेंटपर्यंत जाता येणे हीच तुझी खरी कमाई आहे.

विजेचेही बेसमेंटशीच नाते आहे. बंद जागेत पेट्रोलचा जनरेटर कधीही चालवू नकोस, आणि गाडीच्या आत तर मुळीच नको. त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि माणूस जागच्या जागी जातो. 1,800 वॉटचा वॉशर 8 मिनिटे आणि 1,400 वॉटचा व्हॅक्यूम 20 मिनिटे चालवला, तर एका गाडीला सुमारे 0.7 युनिट वीज लागते. म्हणजे वर सांगितलेल्या बॅटरीत चार-पाच गाड्या आरामात बसतात. तासन्‌तास चालणाऱ्या पॉलिशिंगसाठी ग्राहकाकडूनच प्लग मागून घ्यावा आणि ते आधी ठरवून ठेवावे. इन्व्हर्टर निवडताना मोटर सुरू होतानाचा झटका पेलणारा निवड. कोटिंगच्या बाटल्या आणि कोटिंगआधी पत्रा पुसायचे आयसोप्रोपिल अल्कोहोल मात्र गाडीत मुक्कामाला ठेवू नकोस. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत कोटिंग खराब होते, आणि अल्कोहोलची वाफ बॅटरीशेजारी साचणे हे आगीला आमंत्रण आहे.

कागदपत्रांत काटकसर नको. पाच आसनी खासगी ईको स्वस्तात घेऊन मागचे आसन काढून टाकण्याचा सल्ला तुला बरेच जण देतील. तो ऐकू नकोस. खासगी नोंदणीच्या गाडीवर धंदा करताना अपघात झाला, तर विमा कंपनी भरपाई नाकारू शकते, आणि आरटीओच्या मंजुरीशिवाय गाडीच्या रचनेत केलेला बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडकतो. कार्गो म्हणून नोंदलेली, पिवळ्या पाटीचीच घे. तिचे एकूण वजन 3,000 किलोंच्या आत असल्याने मालवाहतुकीचा वेगळा परवाना लागत नाही. फिटनेस प्रमाणपत्र मात्र पहिली आठ वर्षे दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करून घ्यावे लागते. तुझ्या हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ती चालवता येईल. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी 7,500 किलोंच्या आतल्या वाहनांबाबत हे स्पष्ट केले आहे. विमा उतरवताना टाकी, बॅटरी आणि इन्व्हर्टर यांची किंमत लेखी नोंदवून घे.

ओम्नीचे उत्पादन 2019 मध्ये थांबले आणि तिचे 796 सीसीचे इंजिन या ओझ्याला अपुरे आहे, तेव्हा तो विषय सोडून दे. जुनी ईको कार्गो मिळाली तर अवश्य बघ, पण तिचा तळ उघडून पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नकोस. मागच्या पावसाळ्यात आमच्याकडे अशाच कामाची एक गाडी आली होती. वरून ती आरशासारखी चकचकीत होती. आम्ही रबरी मॅट उचलली, तर खालचे प्लायवूड काळे पडून फुगलेले, त्याखाली पत्र्याचे पापुद्रे हाताने सुटत होते, आणि टाकीच्या चौकटीचा एक बोल्ट पाना न लावता बोटांनीच फिरला. पाणी सांडणारच आहे. त्याला वाट हवी. तळाला गंजरोधक लेप, त्यावर ॲल्युमिनियमची चेकर्ड (उठावाच्या नक्षीची) शीट, कडांना सिलिकॉन आणि मागच्या कोपऱ्यांत निचऱ्याची भोके एवढे केलेस की वर्षानुवर्षे काळजी नाही.

गाडी पांढरीच घे, आणि रोज सकाळी पहिला हात तिच्यावर फिरव. दिव्याखाली अंधार असलेला डिटेलर कुणी दुसऱ्यांदा बोलावत नाही.

गाडी ताब्यात आली की तिला कुठेही भोक पाडण्याआधी वॉशर, व्हॅक्यूम आणि बॅटरी यांची लांबी, रुंदी, उंची मोजून मला कळव, म्हणजे मी चौकटीचे रेखाटन करून ठेवतो. महामार्गाने रिकामी गाडी घेऊन ये, एक दिवस मुक्काम कर; टाकीचे काम मी स्वतः उभा राहून करून घेईन. काकूंना माझा साष्टांग नमस्कार सांग, वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
प्रकाश