पेंटरमामांच्या वळणवह्या जपायला हव्यात

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या पंधरवड्यात आपल्या दैनिकाच्या निधनवार्तांमध्ये बेळगावच्या वडगावातील एका वयोवृद्ध पेंटरच्या निधनाची चार ओळींची बातमी आली होती. मागे पत्नी, दोन मुलगे, सुना, नातवंडे असा परिवार आहे आणि रक्षाविसर्जन अमुक वाजता, एवढेच तीत होते. निधनवार्तेत त्याहून अधिक मावत नाही, त्यामुळे तक्रार नाही. परंतु ज्या माणसाच्या हातची अक्षरे वाचत वडगाव, शहापूर आणि अनगोळमधल्या दोन पिढ्या मोठ्या झाल्या, त्याच्याविषयी आणखी काही छापून यावे असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे. पत्रात त्यांचे नाव मी घातलेले नाही. त्यांनी आयुष्यात एकाही फलकाच्या कोपऱ्यात सही केली नाही आणि ती आपणही आता करू नये, अशी त्यांच्या घरच्यांची इच्छा आहे. लहानथोर सगळे त्यांना पेंटरमामाच म्हणत.

त्यांच्या जाण्याच्या दुसऱ्याच दिवशी गल्लीच्या तोंडावर त्यांच्या फोटोचा मोठा फ्लेक्स लागला. लावणाऱ्यांच्या प्रेमाविषयी शंका नाही. पण त्यावर ‘श्रद्धांजली’ हा शब्द ‘द’ला ‘ध’ जोडण्याऐवजी ‘ध’ला ‘द’ जोडून छापला होता. मामा असते तर शिडी खांद्यावर टाकून निघाले असते. ज्या फ्लेक्सने त्यांचा धंदा बसवला, त्यावरच त्यांना निरोप द्यावा लागला, आणि तोही चुकीच्या जोडाक्षराने, हे मनाला लागले. मामांनी स्वतः मात्र फ्लेक्सला कधी शिव्या दिल्या नाहीत. “फ्लेक्स वाईट नव्हं हो, पण मशीन वाचत नाही की,” एवढेच ते म्हणत. हाताने लिहिणाऱ्याला प्रत्येक अक्षरापाशी थांबावे लागते, त्यामुळे चूक त्याला निदान एकदा तरी दिसते, हा त्यांचा मुद्दा मी मराठीचा शिक्षक असूनही त्यांच्याकडूनच शिकलो.

त्यांचे काम पाहत बसणे हा आमच्या शाळकरी वयातला फुकटचा करमणुकीचा कार्यक्रम होता. खडू चोळलेली दोरी दोन टोकांना ताणून मधोमध टिचकी मारली की भिंतीवर सरळ रेघ उमटायची. मग मनगट काठीवर टेकवून, चपट्या ब्रशने आधी सगळे काने, नंतर गोलाया आणि अगदी शेवटी शिरोरेघ. शिरोरेघ ओढताना ते श्वास रोखीत आणि आम्हीही रोखून धरीत असू. इनॅमल आणि टर्पेंटाइनचा तो वास आजही कुठे आला तरी मला आमच्या शाळेची व्हरांड्यातली भिंत आठवते. त्या भिंतीवर त्यांनी बाराखडी, पाढे आणि महाराष्ट्र-कर्नाटकातील नद्यांचा नकाशा रंगवून दिला होता. मजुरी घेतली नाही; डबेही स्वतःचेच आणले. नकाशातली मलप्रभा कणकुंबीला उगम पावते, हे आम्हा मुलांना पुस्तकाआधी त्या भिंतीनेच सांगितले.

आपल्या भागात फलक म्हटला की वाद आलाच. येळ्ळूरच्या ‘महाराष्ट्र राज्य’ लिहिलेल्या फलकावरून २०१४ मध्ये काय झाले, हे वाचकांना नव्याने सांगायला नको; अलीकडे फलकावर ६० टक्के कन्नड असण्याची सक्ती कायद्याने आली आणि दुकानदारांची धावपळ झाली. मराठीवरच्या अन्यायाबद्दल मामांना स्पष्ट मत होते, सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधार्थ निघणाऱ्या १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत ते वय झाल्यावरही चालत असत. तरीही कन्नड अक्षरावर त्यांचा हात मराठीइतकाच बसलेला होता. देवनागरीत रेघ ओढायची असते आणि कन्नडात मनगट वळवायचे असते, असे सांगत ते शिकाऊ पोरांकडून आधी तलेकट्टू, म्हणजे कन्नड अक्षराच्या डोक्यावरची खूण, गिरवून घेत. त्यांच्याकडे शिकलेल्यांत कन्नड घरातील मुले होती, विणकरांची होती, एक-दोन उर्दू शाळेतलीही होती. एका कन्नड भाषक दुकानदाराने मराठी ओळ बारीक लिहायला सांगितली, तेव्हा ती बारीक पण इतकी देखणी लिहिली की गिऱ्हाईक आधी तीच वाचायचे. ही गोष्ट ते स्वतः मिश्कीलपणे सांगत. दुकानदारही हसत असे.

त्यांचा खरा जीव मात्र शिवजयंतीच्या चित्ररथात होता. बेळगावात शिवजयंती वैशाखात, जुन्या तिथीने होते आणि नंतर रात्रभर चालणाऱ्या मिरवणुकीत मंडळांचे सजीव देखावे निघतात, हे बाहेरगावच्या लोकांना सांगितले तर खरे वाटत नाही. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर गोणपाट, बांबू, शेणमाती आणि जुन्या चादरी यांतून मामा बुरूज उभा करीत. सगळे मोजमाप विजेच्या तारांच्या उंचीवरून सुरू होई, कारण एका वर्षी कळस तारेला लागता लागता वाचला होता. देखाव्यात कोण महाराज होणार यावरून मंडळात रुसवेफुगवे चालत, तेव्हा मामा मावळ्यांची तालीम घेत बसत. “महाराज कुणीबी होईल, मावळा नीट उभा राहायला पायजे,” हे त्यांचे वाक्य आमच्या गल्लीत अजून चालते. अलीकडे डॉल्बीच्या भिंती मोठ्या आणि देखावे लहान होत गेले, तसे ते मिरवणुकीला जाईनासे झाले. मंडळांना हे बोचेल, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

दिवाळीत ते हातात बॅटरी घेऊन गल्लोगल्ली मुलांचे किल्ले पाहत फिरत. बक्षीस काही नसायचे, प्रश्न असायचे. राजगड केला असेल तर संजीवनी माची कुठे आणि सुवेळा कुठे; आणि कुठलाही किल्ला असो, “पाणी कुठं साठवलंय?” हा प्रश्न ठरलेला. टाके नसलेल्या किल्ल्यासमोर ते फार वेळ थांबत नसत. त्यांचा हा कडकपणा काही मुलांना रडवी, हेही खरे आहे. माझ्या धाकट्या भावाने दोन दिवस त्यांच्याशी बोलणे टाकले होते आणि तिसऱ्या दिवशी सिंहगडावर नारळाच्या करवंटीचे देवटाके बसवले होते.

ऑगस्ट २०१९ च्या पावसात बळ्ळारी नाल्याचे पाणी पसरले, शिवारातली भातं गेली, अनेकांच्या भिंती कोसळल्या. तेव्हा मामांनी चित्ररथांसाठी वर्षानुवर्षे जपलेले रंगीत पडदे आणि ताडपत्र्या काढून दिल्या. एका घराच्या उघड्या छपरावर कितीतरी दिवस सह्याद्रीचे डोंगर आणि मावळता सूर्य पसरलेला होता. पडदे परत मागायला ते गेले नाहीत.

आता मुद्द्याचे. त्यांच्या मागे एक पत्र्याची ट्रंक राहिली आहे. तिच्यात मराठी आणि कन्नड अक्षरांच्या वळणांच्या अकरा वह्या, पत्र्याचे कापलेले साचे आणि चित्ररथांचे मापे घातलेले कच्चे आराखडे आहेत. पावसाळ्यात कागदाला बुरशी धरते, म्हणून हे सारे स्कॅन करून एखाद्या वाचनालयात कायमचे ठेवले जावे, अशी शहरातील वाचनालये आणि मराठी संस्थांना विनंती आहे. घरचे लोक ट्रंक विनामूल्य द्यायला तयार आहेत. दुसरी विनंती आमच्या जुन्या शाळेला. येत्या सुट्टीत इमारतीला रंग द्यायचा आहे असे कळते. बाकीची इमारत हव्या त्या रंगाने रंगवावी, व्हरांड्यातली नद्यांची भिंत तेवढी सोडावी. तिच्यावरचा रंग कुठे उडाला असेल तर तो भरून द्यायला मामांचे दोन जुने शागीर्द तयार आहेत, डबे त्यांचेच.

तोवर ट्रंक माझ्याकडे आहे. पाहायला येणाऱ्यांचे स्वागत आहे. वह्यांना हात लावण्याआधी हात धुऊन पुसावेत, ही अट मामांचीच असून ती पहिल्या वहीच्या पहिल्या पानावर, दोन्ही लिपींत, सुरेख लिहिलेली आहे.

आपला,
एक निवृत्त मराठी शिक्षक,
वडगाव, बेळगाव