१-६ वरून डायमंड हार्बरची किंमत करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

२०२५च्या ड्युरँड कप फुटबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यावरचे आपल्या क्रीडा पानावरचे कालचे टिपण वाचून राहवले नाही, म्हणून हे पत्र. नॉर्थईस्ट युनायटेडने डायमंड हार्बरला ६-१ असे हरवले, हे खरेच आहे. पण त्यावरून असल्या नवख्या क्लबांना अशा स्पर्धेत घेऊच नये, त्यांच्यामुळे अंतिम सामन्याची शान जाते, हा निष्कर्ष आपल्या टिपणकारांनी कशाच्या आधारावर काढला? त्यांनी फक्त निकाल पाहिला, सामना पाहिला नाही, असे मला स्पष्ट म्हणायचे आहे.

गोल कोणत्या मिनिटाला झाले ते आधी पाहू. नॉर्थईस्टकडून अशीर अख्तरचा ३०व्या मिनिटाला, पार्थिव गोगोईचा पूर्वार्धाच्या भरपाई वेळेत, थोई सिंगचा ५०व्या मिनिटाला. ६८व्या मिनिटाला डायमंड हार्बरच्या लुका मॅजसेनने एक गोल फेडला. ८० मिनिटे संपली तेव्हा फलकावर ३-१ होते. पुढचे तीन गोल ८१, ८६ आणि ९०+३ या मिनिटांचे. म्हणजे सहापैकी निम्मे गोल सामना संपता संपता झाले. आपल्या टिपणात एकाही गोलाचे मिनिट नाही, त्यामुळे वाचकाला वाटणार की दीड तास नुसती धुलाई चालू होती.

आता ते तीन गोल का झाले? अंतिम सामन्यात गोलफरकाला काडीचीही किंमत नसते. ३-१ ने हरा नाहीतर ६-१ ने, हातात उपविजेतेपदच येते. अशा वेळी मागे असलेल्या संघाने दार लावून बसणे हा खेळाशी द्रोह ठरेल. दहा मिनिटे हातात असताना फुलबॅक (कडेचे बचावपटू) वर पाठवायचे, एक बचावपटू कमी करायचा, चेंडू पुढे टाकायचा, हेच बरोबर. त्याची किंमत मागे मोजावी लागते. साखळीत हाच संघ मोहन बागानकडून ५-१ ने हरला होता आणि तिथे गोलफरक मोलाचा होता, कारण गटात दुसऱ्या आलेल्या सहा संघांपैकी दोघांनाच पुढे जायचे होते. मोहम्मेडनवर २-१ आणि बीएसएफवर ८-१ असे विजय गाठीशी होते म्हणून ते टिकले. हे गणित त्यांच्या प्रशिक्षकांना नीट कळते. मोहन बागानला २०१९-२०ची आय-लीग ही राष्ट्रीय लीग जिंकून देणारे किबू विकुन्याच ते.

दुबळा समजला जाणारा संघ बलाढ्य संघाला कसा रोखतो, हेही एकदा लिहायला हवे, कारण आपल्या टिपणात बचाव ढेपाळला एवढेच म्हटले आहे. चार बचावपटूंची एक रांग पेनल्टी क्षेत्राच्या कडेला, तिच्यापुढे चार-पाच जणांची मधली रांग, आणि दोन्ही रांगांत दहा-बारा मीटरपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचे नाही. चेंडू ज्या बाजूला जाईल तिकडे सगळ्यांनी एकदम सरकायचे. पलीकडचा विंगर (कडेचा आक्रमक) मुद्दाम मोकळा सोडायचा, कारण त्याच्यापर्यंत चेंडू हवेतून लांब मारावा लागतो आणि तो खाली येईपर्यंत पुन्हा सरकायला वेळ मिळतो. यात चेंडू फार मिळत नाही, पाय मात्र सतत चालवावे लागतात. साधारण तासाभरानंतर मधल्या रांगेतला कडेचा खेळाडू दोन पावले उशिरा पोहोचू लागतो. मग फुलबॅकला त्याची जागा सोडून बाहेर यावे लागते, त्याच्या आणि सेंटरबॅकच्या (मधल्या बचावपटूच्या) मध्ये फट पडते आणि चेंडू तिथूनच आत येतो.

गोल खाल्ल्यावर आणखी बिघडते. आघाडीचे खेळाडू चेंडू हिसकावायला वर धावतात, मधली फळी त्यांच्यामागे जाते आणि शेवटची रांग वेगवान आघाडीवीराच्या धाकाने मागेच थांबते. दहा मीटरचे अंतर पंचवीस-तीस मीटर होते. त्या मोकळ्या जागेत प्रतिस्पर्ध्याच्या एखाद्या खेळाडूला चेंडू घेऊन वळायला मिळाले की संपले.

डायमंड हार्बरचे पाय का थकले असतील, याचे उत्तर वेळापत्रकात आहे. १७ ऑगस्टला जमशेदपूरमध्ये उपांत्यपूर्व सामना, तिथे २-० विजय. २० तारखेला कोलकात्यात ईस्ट बंगालवर २-१. २३ तारखेला अंतिम सामना. सात दिवसांत तीन बाद फेरीचे सामने! ईस्ट बंगालविरुद्ध ६६व्या मिनिटाला आघाडी घेतली, पुढच्याच मिनिटाला ती गेली, तरी न डगमगता ८३व्या मिनिटाला जॉबी जस्टिनने सामना काढला. २०२२ साली स्थापन झालेला आणि पहिल्यांदाच ड्युरँड खेळणारा क्लब आहे हा. याला शान घालवणे म्हणायचे?

शिवाय ज्या नॉर्थईस्टला आपण बलाढ्य म्हणता, तो वर्षभरापूर्वी कुठे होता? २०२४च्या अंतिम सामन्यात कोलकात्याच्या सॉल्ट लेक मैदानावर, मोहन बागानच्या घरच्या प्रेक्षकांसमोर, मध्यंतराला ०-२ ने मागे! ५५व्या मिनिटाला अजराई, ५८व्या मिनिटाला गिलेर्मो, मग शूटआऊटमध्ये गुरमीत सिंगने दोन पेनल्टी अडवल्या आणि ४-३ असा कप आला. त्यांना आधीच दाराबाहेर ठेवले असते, तर यंदाचा हा विजेता आपल्याला दिसलाच नसता. फ्रान्समध्ये २००० साली चौथ्या श्रेणीतला हौशी कॅले संघ राष्ट्रीय कपच्या अंतिम फेरीत पोहोचला. मध्यंतराला तो १-० ने पुढे होता आणि अखेरच्या मिनिटाच्या पेनल्टीवर २-१ ने हरला. जिंकलेल्या नाँतच्या कर्णधाराने कॅलेच्या कर्णधाराला बोलावून दोघांनी मिळून कप उचलला. तिथे कोणी कॅलेला स्पर्धेबाहेर काढा म्हटले नाही.

आणि छोटे क्लब काढून टाकले तर खेळणार कोण? यंदाच्या चोवीस संघांत आयएसएलमधले (इंडियन सुपर लीग) जेमतेम सहा होते. क्लब नसले की काय होते ते पुणेकरांना सांगायला नको. २०१२-१३च्या आय-लीगमध्ये दुसरा आलेला पुणे एफसी आज नाही. एफसी पुणे सिटी २०१९मध्ये हैदराबादला गेला. बालेवाडीत आता कोणाला पाहायला जायचे? अशा शहरातल्या वृत्तपत्राने तरी नव्या क्लबाचे कौतुक करायला हवे होते.

याच निमित्ताने आणखी एक. जिल्हा लीगचे निकाल आपण कधी तीन ओळींत छापता, कधी अजिबात नाही. त्याच पानावर क्रिकेटपटूंच्या सरावाचा चार कॉलमी फोटो मात्र असतो. निदान गोल करणाऱ्याचे नाव, मिनिट आणि पुढच्या सामन्याचे मैदान व वेळ एवढे तरी रोज द्यावे. त्याला दोन इंचही जागा लागत नाही.

कालच्या टिपणाखालच्या चौकटीत नॉर्थईस्टचे हे पहिलेच ड्युरँड विजेतेपद असल्याचे छापले आहे, ते चूक आहे. हे सलग दुसरे आहे. दुरुस्ती उद्याच्या अंकात, क्रीडा पानावरच छापावी ही विनंती.

आपला,
एक वाचक, एरंडवणे, पुणे